छत वाजवणारा माणूस

महागू टेकामने सातव्यांदा बोट वर केलं आणि मी पेन खाली ठेवलं.

तो व्हॅनमधल्या छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून बसला होता. मधे काच होती. काचेच्या या बाजूला मी आणि माझं यंत्र. नुकताच मी त्याच्या उजव्या कानात चार हजार हर्ट्‌झचा स्वर सोडला होता, वीस डेसिबलचा. इतका बारीक स्वर मला स्वतःलाही श्वास रोखूनच ऐकू येतो. महागूने मात्र बस कंडक्टरला थांबवावं तसं झटकन बोट उचललं होतं.

तो बावन्न वर्षांचा होता. एकतीस वर्षं मँगनीजच्या खाणीत, त्यातली अठरा हातात खडक फोडायचा जॅकहॅमर धरून. अशा माणसाचा कान सगळ्यात आधी चार हजारालाच जातो. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी या फिरत्या तपासणीच्या नोकरीला लागलो त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दोन हजारांच्या वर कान तपासले होते. खडक फोडणाऱ्या प्रत्येकाच्या आलेखात त्या जागी खड्डा असायचा, कुणाचा उथळ, कुणाचा खोल. महागूचा आलेख सरळ होता. फाइलमधला गेल्या वर्षीचाही तसाच सरळ. त्या कागदाच्या तळाशी सही माझी होती.

दारावर थाप पडली. ओव्हरमन लांजेवार, म्हणजे त्या पाळीचे प्रमुख, डोकं आत घालून म्हणाले, "झालं का, देवतळे? तिसऱ्या लेव्हलला ब्लास्टिंग होऊन दोन तास झाले. महागूनं छत पाहिल्याशिवाय माणसं आत घालता येत नाहीत मला."

"पाच मिनिटं."

"मघाशीही पाचच म्हटलं होतं."

ते गेले. मी काचेतून पाहिलं. इतर लोक बारीक आवाज ऐकताना डोळे मिटतात किंवा जमिनीकडे बघतात. महागू माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. नेमकं सांगायचं तर डोळ्यांच्या किंचित वर.

मी चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवला आणि पुन्हा तोच स्वर सोडला. वीस. बोट हललं नाही. चाळीस. नाही. साठ. तो माझ्याकडे अजून बघत होता, पण आता त्याच्या कपाळावर बारीक आठी होती. सत्तरला बोट वर आलं, तेही अर्धंच, विचारल्यासारखं.

मी दार उघडलं. हेडफोन काढून त्याने नीट खुंटीवर लावले.

"चष्मा काऊन काढला, बाबू?"

"तुम्ही काय बघत होता?"

तो हसला. "लाल दिवा. तुमी बटन दाबलं का मशीनचा दिवा लागते, तो तुमच्या काचेत दिसते. दिसला का बोट वर."

"गेल्या वर्षीही असंच?"

"गेल्या वर्षी चष्मा मोठा होता तुमचा. बरं दिसे."

मला हसू आलं नाही. "महागूभाऊ, ही फसवणूक आहे."

"मशीनची," तो म्हणाला. "छताले कोण फसवते, बाबू? तेरा वर्षं झाली छत वाजवून राहिलो. माझ्या हाताखाली एक माणूस दबला नाही. कोणाले बी विचारा."

हे खरं होतं. त्या खाणीत ब्लास्टिंग झालं की सगळ्यांच्या आधी एक माणूस आत जायचा. सब्बलीने, म्हणजे लांब पहारेने, छतावर ठोकायचा आणि ऐकायचा. खडक अखंड असेल तर घंटेसारखा वाजतो. आतून सुटलेला असेल तर भद्द आवाज येतो. तो माणूस 'पक्कं' म्हणाला की मगच बाकीचे यंत्रं घेऊन त्या छताखाली उभे राहायचे. हे काम करणारे दोघं होते. दुसरा महिन्याभरापासून रजेवर होता.

"मी हे लिहिलं तर?" मी विचारलं.

"तर काय! गेटवर बसवतील. ट्रक आला, ट्रक गेला." त्याने डोक्याला रुमाल बांधला. "माझ्या बोलण्यावर माणसं आत जातात, बाबू. गेटवर बसून मी कोणाले काय सांगू?" मग जरा थांबून म्हणाला, "आज तुमाले खाली याचंच आहे ना, त्या आवाजाच्या मीटरसंगं? माझं काम पाहा. मंग लिहा, काय लिहाचं ते."

त्याच्या फिटनेसच्या दाखल्याची मुदत त्या दिवशी रात्रीपर्यंत होती. डॉक्टर दुसऱ्या दिवशी नागपूरहून येऊन सह्या करणार होते. मला जॅकहॅमरचा आवाज मोजायला खाली जायचंच होतं. म्हणजे निर्णय दोन तास पुढे ढकलायला माझ्याकडे सबब होती, आणि मी ती घेतली. एक गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही नीट बोललो नव्हतो. हा कागद खरा लिहिला तर गेल्या वर्षीचा खोटा ठरणार होता.

*

लिफ्टचा पिंजरा नव्वद मीटर खाली उतरला. खाली दमट उकाडा होता आणि सुरुंगाच्या दारूच्या धुराचा वास अजून होता. तिसऱ्या लेव्हलच्या बोगद्यात सेवक नेवारे आणि त्याचे तीन जोडीदार दगडांवर बसून वाट बघत होते. दोघांच्या पायाशी जॅकहॅमर पडले होते. सेवक तिथला सगळ्यात बोलका. तो साधं बोलायचा तेही ओरडून.

"आला गा कानवाला बाबू! काय बाबू, आमच्या महागूदादाचे कान पास का नापास?"

"अजून लिहिलं नाही."

"काय?"

"लिहिलं नाही अजून!"

"हां. मले वाटलं नापास." सगळे हसले.

मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. गेल्या खेपेला प्रत्येकाला कानात घालायच्या नारिंगी बोळ्यांची जोडी दिली होती. "बोळे कुठे आहेत?"

"माझ्या पोरीनं बाहुलीचे पाय केले त्याचे," सेवक म्हणाला. "अन् बाबू, कान बंद केला तर छत कसं ऐकू येईन? पडाच्या आधी छत बोलते. कडकड करते. ते ऐकलं म्हणून तर अजून जिवंत आहो."

यावर माझ्याकडे छापील उत्तर होतं, पण महागू पुढे निघाला होता.

त्याचं काम मी पहिल्यांदाच बघत होतो. तो तपासलेल्या छताखालून न तपासलेल्या छताकडे जायचा, उलट कधीच नाही. एका हातात सब्बल, दुसऱ्या हाताचा पंजा छताला लावलेला. ठोका मारायचा, मान कलती करायची, मग "पक्कं". दोन पावलं. ठोका. "पक्कं." प्रत्येक ठोक्याला वरून लांब, स्वच्छ आवाज यायचा, पितळी परातीवर चमचा वाजवल्यासारखा, आणि तो बोगद्यात मागे सरत जायचा. तसे नऊ झाले. मला बरं वाटायला लागलं. हा माणूस सत्तर डेसिबलचा असेना का, याला काम येतंय, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

दहावा ठोका उजव्या अंगाला होता, जिथे यंत्रं लावायची तिथून हातभर आत. आवाज आला नाही. म्हणजे आला, पण गादीवर बुक्की मारावी तसा. मागे काहीच सरकलं नाही.

"पक्कं," महागू म्हणाला.

 मला वाटलं, तो पुन्हा ठोकेल. तो दोन पावलं पुढे गेला.

"महागूभाऊ."

तो वळला नाही. मी पुढे होऊन माझ्या दिव्याचा झोत त्याच्या समोर टाकला. तेव्हा तो वळला.

"ती मागची जागा. ती पोकळ वाटते."

"कोणती?"

मी दाखवली. तो परत आला, पंजा लावला, ठोकलं. तोच आवाज. "पक्कं आहे, बाबू."

"नाही. बाकीच्या नऊ जागा वाजल्या. ही वाजली नाही."

एव्हाना सेवक आला होता. "काय होऊन राहिलं?"

"बाबू म्हणते, इथं पोकळ आहे."

सेवकने महागूच्या हातून सब्बल घेतली आणि दोनदा ठोकलं. "पक्कंच आहे ना, बाप्पा! तुमी पहिल्यांदा खाली आले, तुमाले सारंच पोकळ वाटन." त्याने सब्बल पुढच्याला दिली. त्याने ठोकलं. पक्कं. तिसऱ्याने ठोकलं. पक्कं. चौथ्याने सब्बल घेतलीसुद्धा नाही, नुसती मान हलवली.

पाच माणसं, शंभराहून जास्त वर्षांचा अनुभव, आणि पाचही जण एकच सांगत होते. मी माझ्या कानांवर संशय घेतला. हे मी आज सहज लिहितो, पण तेव्हा तो संशय खरा होता. मी तेवीस वर्षांचा होतो, वर्ध्याच्या घरात वाढलेला, खडकाचा आवाज पुस्तकातसुद्धा न वाचलेला. सेवकने जॅकहॅमर उचलून त्या जागेखाली आणला. रबरी नळी जोडायला तो वाकला.

तेवढ्यात लांजेवार आले. "काय अडलंय आता?"

"काही नाही साहेब. बाबूले छत ऐकू येऊन राहिलं."

"महागू काय म्हणतो?"

"पक्कं," महागू म्हणाला.

"मग झालं. लावा मशीन."

सेवकची पाठ माझ्याकडे होती. त्या जागेचं टोक त्याच्या मानेच्या बरोबर वर होतं. मी तेव्हा त्या पाचही जणांचे आलेख आठवत होतो. सेवकचा मी सकाळीच काढला होता. तीन हजार ते सहा हजार, सगळं साफ कोसळलेलं. त्याच्या जोडीदारांचंही तेच. आणि महागूचा खरा आलेख मी तासाभरापूर्वी पाहिला होता. घंटेचा जो भाग घंटेला घंटा करतो, तो वरचा किणकिणाट, त्यांच्यापैकी एकालाही ऐकू येत नव्हता. त्यांना सगळंच छत भद्द वाजत होतं. पाच जणांनी पाच वेळा तपासलं नव्हतं. एकच बहिरा कान पाच वेळा लावला होता.

"सेवकभाऊ, तिथून हटा!" मी ओरडलो. आवाज चिरकला. "हटा आधी, मग शिव्या द्या!"

"देवतळे," लांजेवार म्हणाले, "तुम्ही आवाज मोजायला आलात. मोजा आणि वर जा."

"त्यांना फरक ऐकू येत नाही, साहेब. एकालाही नाही."

"आणि तुम्हाला येतो."

"हो."

 मग सेवक हसायला लागला आणि जोडीदार त्याच्यामागे. महागू हसला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ओठांकडे. मी काय बोललो ते त्याने कानाने ऐकलं नव्हतं, वाचलं होतं.

"सेवक, बाजूले हो," तो म्हणाला.

"अबे दादा, तू बी..."

"हो म्हणलं ना."

सेवक सरकला. महागू माझ्याजवळ आला. "तिकडं तोंड कर," तो म्हणाला. तोवरचं 'तुमी' गेलं होतं. "भिंतीकडं. दिवा बंद कर. मी ठोकतो. पोकळ वाटलं का हात वर कर. पक्कं असन तर उभा राहा नुसता."

माझ्या लक्षात आलं तो काय करतोय. बोगद्यात मागे काही जागा होत्या, ज्यांच्यावर चुन्याची फुली होती आणि खाली लाकडी टेकू लावलेले होते. जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या पोकळ जागा. बाकीचं छत पक्कं. उत्तरं त्याच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती.

मी भिंतीकडे तोंड केलं. दिवा बंद केल्यावर माझ्यासमोर पूर्ण काळोख होता. मागे त्याची पावलं हलत होती, कधी डावीकडे, कधी बरीच लांब. तो मुद्दाम फिरत होता.

ठोका. वाजला. मी उभा राहिलो.

ठोका. वाजला.

ठोका. भद्द. मी हात वर केला.

बराच वेळ काही नाही. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. कुणीतरी खोकलं. ठोका, पण इतका हलका की मी चुकलो असतो. भद्द. हात वर.

ठोका. वाजला.

सहावा ठोका जवळून आला, उजव्या अंगाने. भद्द. मी हात वर केला आणि तसाच ठेवला.

"वळ," महागू म्हणाला.

मी दिवा लावून वळलो. तो त्या दहाव्या जागेखाली उभा होता. सेवक आता हसत नव्हता.

"तिसरा कोणता होता?" लांजेवारांनी विचारलं.

"जुना टेकू," महागू म्हणाला. "चौथा बी टेकूच. पहिला, दुसरा, पाचवा पक्के होते." त्याने वर बघितलं. "साऱ्याईचं बरोबर सांगितलं त्यानं."

मग त्याने स्वतःचा छताला लावलेला पंजा खाली घेतला आणि बोटांकडे पाहिलं. त्या उकाड्यात बोटांची टोकं पांढरी पडली होती. अठरा वर्षं जॅकहॅमर धरल्यावर पडतात तशी. "हात बी सांगे मले," तो म्हणाला. "छत थरथरलं का कळे." त्याने ती टोकं एकमेकांवर घासून पाहिली, काहीच लागत नसल्यासारखी.

त्याने सगळ्यांना पक्क्या छताखाली मागे सरकवलं. स्वतःही तिथेच उभा राहिला आणि लांब सब्बलीचं टोक त्या जागेच्या कडेच्या बारीक भेगेत घातलं. जोर दिला. काही झालं नाही. पुन्हा. थोडी माती पडली.

"महागू, शिफ्ट निघून चालली," लांजेवार म्हणाले, पण हळू.

तिसऱ्यांदा त्याने सब्बलीवर पूर्ण वजन टाकलं. आधी काहीच आवाज झाला नाही, आणि मग जमीन हलली. धुळीने दिवे पिवळे झाले. धूळ खाली बसल्यावर दिसलं, दाराच्या फळीएवढी शिळा पडली होती, चार बोटं जाड. सेवकच्या यंत्राची रबरी नळी तिच्याखाली दबून हवा फुसफुसत होती.

सेवकने मागे जाऊन नळीची हवा बंद केली. लांजेवारांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

महागूने शिळेकडे पाहिलंही नाही. "किती वाजले?" त्याने मला विचारलं.

"पावणेतीन."

"दुसरी लेव्हल," तो म्हणाला. "सकाळी तीन जागा मी पास केल्या. रतिराम आहे तिथं."

रतिराम त्याचा जावई होता, हे मला सेवकने धावता धावता सांगितलं.

*

दोन लेव्हलच्या मधे लोखंडी शिडी होती. महागू माझ्यापेक्षा एकोणतीस वर्षांनी मोठा, पण मी वर पोहोचलो तेव्हा तो बोगद्यात वीस पावलं पुढे होता. जॅकहॅमरचा आवाज शिडीवरच अंगावर आला होता. वर तो कानात नाही, छातीत ऐकू येत होता. माझ्या पिशवीतलं मीटर चालूच राहिलं होतं. नंतर पाहिलं तर आकडा एकशे तेराचा होता. त्या आवाजात शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसती ऊब कळते.

रतिराम आणि त्याचा जोडीदार आमच्याकडे पाठ करून, खांदे यंत्राला टेकवून खडक फोडत होते. छत बोललं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. बोळे असते किंवा नसते, काही फरक नव्हता.

महागूने मला हाताने मागेच थांबवलं. तो स्वतः थांबला तो जागेपासून आठ-दहा हातांवर. तिथून पुढचं छत त्याने सकाळी पक्कं म्हटलं होतं. त्याने डोक्यावरचा दिवा हातात काढून घेतला आणि झोत त्यांच्या समोरच्या खडकावर टाकून आडवा हलवायला लागला. डावीकडे, उजवीकडे. धुळीत तो झोत दिसत होता, नाहीसा होत होता. जोडीदाराला दिसला नाही. रतिरामला दिसला नाही. महागू एक पाऊल पुढे गेला. मग आणखी एक. मी त्याचा शर्ट धरला. त्याने मागे न बघता माझा हात सोडवला आणि तिसरं पाऊल टाकलं. आता तो त्या छताखाली होता.

रतिरामने घाम पुसायला मान वर केली, खडकावर हलणारा उजेड पाहिला आणि यंत्र बंद केलं.

"काय झालं, मामाजी?"

"बाहीर. दोघंही. मशीन राहू दे तिथंच."

"काऊन?"

"बाहीर ये पयले!"

ते आले. रतिराम तिशीतला, धुळीने भुऱ्या झालेल्या भुवयांचा. तो माझ्याकडे बघून हसला, कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. मी त्या क्षणी त्याचा आलेख आठवायचा प्रयत्न करत होतो. मला आठवला नाही.

मग आम्ही दोघांनी ते छत तपासलं. कुठे उभं राहायचं, कडेपासून किती अंतरावर ठोकायचं, कोणत्या भेगेवर संशय घ्यायचा, हे सगळं महागूला माहीत होतं. मला त्यातलं काहीही येत नव्हतं. तो ठोकायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो.

पहिली जागा वाजली. दुसरी वाजली. महागूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी ढिलाई आली. तिसरी जागा रतिराम जिथे उभा होता त्याच्या थेट वर होती. त्याने ठोकलं.

मी लगेच काही केलं नाही. महागूने पुन्हा ठोकलं, जोरात, माझ्या डोळ्यांत बघत.

मी हात वर केला.

त्याने खिशातून चुन्याची डबी काढली आणि स्वतःच्या हाताने फुली मारली. मोठी, दोन्ही रेघा पुन्हा पुन्हा गिरवून.

*

पिंजऱ्याची वाट बघत आम्ही खाली बाकावर बसलो. बाकीचे जरा लांब उभे होते. महागू म्हणाला, "दोन वर्षांमागं मले सारं छत पोकळ लागे. जिकडं ठोको तिकडं भद्द. मी म्हणो, बंद करा, टेकू लावा. साहेब सब्बल घालून पाहत. एक खडा पडे ना. हसले सारे. सेवक म्हणे, दादा म्हातारा झाला, भेते." त्याने पायाशी थुंकल्यासारखं केलं. "मॅनेजर साहेबानं बलावलं. मी म्हटलं, खरंच भेतो का काय मी? मंग मी कान सुधरवला. मनाले सांगतलं, हा आवाज म्हणजेच पक्कं. सहा महिने लागले सवय व्हाले."

 छत दोन वर्षांत बदललं नव्हतं, कान गेला होता.

वर आल्यावर तो सरळ लांजेवारांच्या खोलीत गेला. सकाळची तपासणीची वही उघडली. तीन ओळींत 'सुरक्षित' लिहिलेलं होतं. अक्षर मोठं, शाळकरी. त्याने एकेका ओळीवर काट मारून खाली अंगठ्यासारखी गोल सही केली. लांजेवार म्हणाले, "अरे, जे दोन पक्के निघाले ते तरी राहू दे."

"ते मी नाही पाहिले," महागू म्हणाला. "त्यानं पाहिले."

मग चष्मा काढून ठेवून मी त्याची चाचणी पुन्हा पूर्ण घेतली आणि आम्ही व्हॅनच्या पायरीवर बसलो. मी नवा आलेख भरला, सत्तर, पंचाहत्तर, पंच्याऐंशी, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, जमिनीखालच्या छत-तपासणीसाठी अयोग्य. ते मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो माझे ओठ बघत होता. मग मी फाइलमधून गेल्या वर्षीचा कागद काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, चाचणी चुकीची, तपासणाऱ्याचा दोष. खाली तारीख, आणि पुन्हा सही.

"त्याले काऊन हात लावला?" महागूने विचारलं. "तो जुना आहे."

"चुकला होता."

 समोर पाळी संपलेले लोक घरी जायला निघाले होते. "तेव्हा तुले कळलं होतं का?"

खोटं बोलायला जागा होती. "शंका आली होती," मी म्हणालो. "इतका सरळ आलेख असू शकत नाही, असं वाटलं होतं."

"मंग?"

"बाहेर चाळीस जण रांगेत होते. लांजेवार साहेब दार वाजवत होते."

त्याने मान कलती केली, जशी दहा वेळा छताखाली केली होती. "माझ्या मांगं बी तेच राहे," तो म्हणाला. "चार माणसं मशीन घेऊन उभी. मी पक्कं म्हणाची वाट पाहत."

तो उठला. दिवा जमा करायला लॅम्प रूमकडे गेला. दिवा खिडकीत ठेवला आणि तसाच गेटकडे चालायला लागला. खिडकीतला माणूस मागून ओरडला, "महागू! टोकन! टोकन लावलं नाही तू!" खाली उतरताना घेतलेला पितळी बिल्ला वर आल्यावर फळ्यावर परत लावायचा असतो. तो नसला तर माणूस अजून खाणीतच आहे, असं धरतात आणि शोधायला जातात. "महागू! अबे ओ!"

रोज तो अशा वेळी कसं निभावायचा, कोणाच्या सावलीकडे, कोणाच्या वळलेल्या मानेकडे बघायचा, कोण जाणे. त्या दिवशी तो कुणाकडेच बघत नव्हता. लोक थांबून बघायला लागले. खिडकीतला माणूस तिसऱ्यांदा ओरडला.

मी उठलो, धावत गेलो आणि सगळ्यांसमोर महागूच्या खांद्यावर हात ठेवला.